अक्कांनी लपवलेली खाज

मोठे भाऊजी हॉस्पिटलमधून एकटेच परतले आणि खाली जिन्यातच बसले. वर यायचा त्यांना धीर होईना. मी काय ते समजले... आता महिना उलटला, तरी जिन्यात पाऊल वाजलं की मी हातातलं काम टाकून दाराशी जाते.

अक्का माझ्या थोरल्या जाऊ. जन्मल्या-वाढल्या कोलकात्यातच. बागबाजारला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. वर्गात खणखणीत बोलणारी ही बाई स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र अवाक्षर काढायची नाही. ऐन घामाच्या दिवसांत कमरेला, परकराच्या नाडीखाली गजकर्ण उठलं. डॉक्टरला दाखवायची लाज, म्हणून शेजारणीने दिलेली ट्यूब लावली. बुरशीचं औषध आणि स्टेरॉइड एकत्र असलेलं मलम होतं ते. दोन दिवसांत आग थांबली, लाली उतरली. अक्का किती दिवसांनी मोकळं हसल्या! पण ट्यूब थांबवली की चट्टा आणखी पसरून यायचा, की पुन्हा ट्यूब. अशी वर्षं गेली. कातडी कागदासारखी पातळ झाली, मांड्यांवर जांभळ्या चिरा पडल्या. "शैला, खाज अनावर झाली की मी फळ्याकडे तोंड करते गं," त्या एकदा म्हणाल्या, "मुलींना माझा चेहरा दिसायला नको."

शेवटी मीच त्यांना ओढत एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ट्यूब बघून बाई हतबुद्ध झाल्या. "सूज फार असेल तर हे थोडे दिवस लावायचं, मग नुसतं बुरशीचं औषध. वर्षानुवर्षं कोण लावतं?" तपासणीत मधुमेहही निघाला. बाहेर येऊन अक्का बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "बरं वाटत होतं गं मला... बरं होत नाहीये, हे कसं कळणार?"

गोळ्या सुरू झाल्या, चट्टे मावळू लागले. पण खाजवून झालेली मांडीवरची एक जखम चिघळली. पाय सुजला, विष अंगभर भिनलं. हॉस्पिटलात मी त्यांचा हात धरून "अक्का, बघा ना माझ्याकडे" म्हणत राहिले. त्यांनी हात सोडवून घेतला. "नको... तुलाही लागण होईल." तेच शेवटचं बोलणं.

गच्चीवर टाकीमागे त्यांची वेगळी दोरी आहे. लेकींना संसर्ग नको म्हणून आपले कपडे उकळून त्या तिथे लांब वाळत घालायच्या. परवा बाकीच्या दोऱ्या भरल्या होत्या. त्यांची धाकटी लेक ओला परकर घेऊन उभी. "काकू, आईच्या दोरीवर घालू?"

"घाल की," मी म्हटलं.

ती टाकीपर्यंत गेली, परकर झटकला, आणि तसाच हातात घेऊन परत आली.