वेळापत्रक कोणी लिहिलं

आमचे विभागप्रमुख धुळ्याचे. कॉलेजात एरवी ते छापील मराठीत बोलत. काम काढून घ्यायचं असलं की अहिराणीत उतरत. त्या सकाळी खांद्यावर हात टाकून ते म्हणाले, "भाऊ, तुनं डोकं म्हणजे सोनं शे." मी आधी खिसा चाचपला.

जळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकल शिकवतो. पिंप्राळ्यातल्या घरी सुट्ट्या घालवून हौसेनं कॉलेजच्या वेळापत्रकाचा प्रोग्राम लिहिला होता. कोणता तास कोणाचा, कोणती लॅब कधी रिकामी, सगळं तो आपोआप जुळवतो. सरांना तो कोडसकट पेन ड्राइव्हमध्ये हवा होता. म्हणाले, सुरक्षित राहील. कोणापासून, हे विचारायचं धाडस झालं नाही. त्याच वर्षी माझी बढती होती. त्यासाठी प्रोग्राम माझ्या नावावर दिसायला हवा होता, आणि शिफारशीवर सही त्यांची. दिला.

बायको म्हणाली, "तुम्हाला तर दूधवाल्याच्या मापाचाही संशय येतो."

येतो. आणि माप कमीच भरतं.

मग मी लक्ष ठेवू लागलो. सर भलतेच गोड बोलायला लागले. जेवताना डब्यातली कळण्याची भाकरी माझ्यापुढे सरकवत. मी खायचो आणि मनात म्हणायचो, बोकडाला चारा घालताहेत.

तपासणी समिती आली. पडद्यावर पहिलीच ओळ होती, 'विभागप्रमुखांनी विकसित केलेली प्रणाली'. माझं नाव आभारातसुद्धा नव्हतं. मी मागच्या रांगेत बसलो होतो. संशय खरा ठरला म्हणून काही बरं वाटत नाही.

समितीतले एक सदस्य म्हणाले, "समजा एक सर उद्या रजेवर आहेत. नवं वेळापत्रक काढून दाखवा."

सरांनी बटणं दाबली. दोन वर्ग एकाच लॅबमध्ये गेले. पुन्हा दाबली, तर तिसराही तिथंच गेला.

"प्रोग्राम कच्चा दिसतोय," सदस्य हसले.

सर माझ्याकडे बघायला लागले. मी नुसता बसून राहिलो असतो तरी त्यांचं पितळ उघडं पडलं असतं. बसायचंच ठरवलं होतं. पण 'कच्चा' हे मला सोसेना. सरांचं काय व्हायचं ते होवो, माझ्या प्रोग्रामला कोणी नावं ठेवलेली मला चालत नाहीत. उठलो, आधी रजा नोंदवली, मग आखणी चालवली. वेळापत्रक सुरळीत आलं.

"वा," सदस्य सरांना म्हणाले, "ऑपरेटर चांगला मिळालाय तुम्हाला."

मी सरांच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. कानशिलं तापली होती. 'हे आमचे प्राध्यापक, प्रोग्राम यांचाच', एवढं एक वाक्य त्यांनी बोलायचं होतं.

सरांनी चष्मा पुसला. "जाता जाता चहाचं सांगाल का जरा?"

शिफारशीवर सही अजून व्हायची होती. मी बाहेर जाऊन चहा सांगितला.