शैलजावहिनीचा शाळिग्राम

केतकीचा फोन आला तेव्हा मी पूजेला बसलो होतो. पूजा चालू असताना मी फोन घेत नाही, हे इथे अमेरिकेत आमच्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे. तरी तो तीनदा वाजून थांबला आणि चौथ्यांदा वाजला. तो मी रागानेच उचलला. "काका, आई गेली," माझी पुतणी म्हणाली. "झोपेतच... शी लुक्ड सो पीसफुल, काका." हातातली पळी हातातच राहिली. खिडकीबाहेर मार्चमधलं ओहायो होतं, रस्त्याच्या कडेला काळपटलेला बर्फ आणि त्यातून डोकावणारं मळकं गवत. मनात आलेला पहिला विचार सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आता माझ्याशी भांडणार कोण?

शैलजावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. मी नोकरीत असताना आठवडाभर कॉम्प्युटरसमोर बसायचो आणि शनिवार-रविवारी लोकांकडे सत्यनारायण, वास्तुशांत, बारशी करायचो. पौरोहित्य मी हौसेने शिकलो, आणि ते आपल्याला फार चांगलं येतं असा माझा समज आहे. वहिनी मला 'वीकएन्डचे भटजी' म्हणायची. ती नागपूरची, प्राणिशास्त्राची एम.एस्सी., आणि देव न मानणारी. पण देव नाही असं ती कधी ओरडून सांगत फिरली नाही. कुणी खोदून विचारलंच तर "मला अजून गरज पडलेली नाही," एवढंच म्हणायची आणि समोरच्याला चहा विचारायची. आपल्या अंत्यविधीबद्दल तिने एक कागद लिहून ठेवला होता. त्यात धार्मिक विधी नकोत, असं स्पष्ट होतं, आणि खाली वेगळ्या शाईत एक ओळ होती : 'विनायकभावोजींना मंत्र म्हणायचेच असतील तर म्हणू द्यावेत. मला ऐकू येणार नाहीत, त्यामुळे माझी हरकत नाही.' फ्युनरल होममध्ये मी तिच्याजवळ उभा राहून मंत्र म्हणायला लागलो आणि ती ओळ आठवून मध्येच हसू फुटलं. त्याच हसण्याचं रडू कधी झालं, ते मला कळलं नाही.

इथल्या शिक्षकाची परीक्षा देऊन वहिनी ज्या शाळेत बायॉलॉजी शिकवायला लागली, ते गाव तेव्हा आमच्यापासून अर्ध्या तासावर. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची शेतं, आणि दर दोन मैलांवर एक चर्च. बावीस वर्षं ती तिथे शिकवत होती. मुलांना ओढ्याकाठी न्यायची आणि चुनखडीतले शिंपल्यांचे ठसे दाखवायची. इथे कधी काळी समुद्र होता म्हटल्यावर शेतकऱ्यांची पोरं चिखलात गुडघे टेकून बघायची. उत्क्रांतीचा धडा मात्र सोपा नव्हता. पहिल्याच वर्षी हॅना नावाच्या मुलीने कोरा पेपर दिला. ती तिथल्या एका पास्टरची मुलगी. यातलं एक अक्षरही मी मानत नाही, ते खरं म्हणून कसं लिहू, असं म्हणून ती रडली. वहिनीने तिला पुन्हा पेपर दिला आणि वर स्वतःच्या हाताने, हॅनाच्या वतीने, एक ओळ लिहिली : 'मी काय मानते, हे या पेपरात विचारलेलं नाही.' हॅनाने त्या ओळीखाली सगळी उत्तरं लिहिली आणि ती वर्गात पहिली आली. तेव्हापासून ती ओळ वहिनीच्या प्रत्येक प्रश्नपत्रिकेवर छापलेली असायची. हॅनाचे वडील, पास्टर डेल, शाळेत येऊन तिला सरळच विचारते झाले, "तुमचा देवावर विश्वास आहे का?" वहिनी म्हणाली, "हा प्रश्न या खोलीत मी कुणाला विचारत नाही, आणि इथे त्याचं उत्तरही देत नाही." हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "म्हणजे काय उत्तर टाळलंसच ना!" तिने माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. हळूहळू त्या मक्याच्या शेतांत नवी घरं उभी राहिली आणि आपली बरीच मंडळी तिकडे राहायला गेली. त्यांत आम्हीही होतो. एका वर्षी शाळेच्या सायन्स नाइटच्या, म्हणजे पालकांसाठीच्या विज्ञान प्रदर्शनाच्या, आधी काही पालकांनी मागणी केली, की वहिनीच्या वर्गातल्या जीवाश्मांच्या कपाटाशेजारी देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केल्याचा तक्ता लावावा. पास्टर डेल त्यांचे पुढारी. वहिनीने नकार दिला. मग गावात कुजबुज सुरू झाली, की ही बाई हिंदू आहे, तिला आमच्या धर्माचं वावडं आहे. प्रकरण स्कूल बोर्डाकडे गेलं. तिचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही, हेही त्याच बैठकीत ठरणार होतं. आमच्या मराठी मंडळातलं रक्त उसळलं, माझं तर सगळ्यांच्या आधी. आपल्या बाईला एकटं पाडतात म्हणजे काय! आम्ही चौघांनी मिळून सहा फुटी रंगीत तक्ता करून घेतला. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह... दशावतार, आणि प्रत्येकासमोर उत्क्रांतीची पायरी. आधी पाण्यातला जीव, मग पाण्यात आणि जमिनीवर राहणारा, मग जमिनीवरचा. बघा, आमचा धर्म विज्ञानाच्या विरोधात नाही, उलट आमच्याकडे हे आधीच होतं! सायन्स नाइटच्या दिवशी दुपारी, वहिनी मीटिंगमध्ये असताना, मदतीला आलेले पालक म्हणून आम्ही वर्गात शिरलो आणि तो तक्ता कपाटाच्या बरोब्बर शेजारी लावला. आपण मोठीच कामगिरी केली, अशा थाटात मी घरी आलो.

तासाभराने वहिनी दारात उभी. हातात रबरबँड लावलेली तक्त्याची गुंडाळी.

"भावोजी, हा तुमचा."

"काढलास? अगं, हा तर तुझ्याच बाजूचा आहे. विज्ञानाशी जुळतो!"

"जुळतो म्हणून लावला ना? उद्या विज्ञानाला नवं काही सापडलं आणि ते बदललं, की तुम्ही अवतार बदलणार का? माझं सोडा, तुमच्या देवाला कशाला असल्या परीक्षेला बसवता?"

"त्यांचा नको, तर मग आपला तरी..."

"त्यांचा नको म्हणूनच आपलाही नको. एवढं साधं आहे ते."

मी दार जरा जोरातच लावलं. मंडळाच्या गणपतीत मुलांच्या स्पर्धेला दरवर्षी तीच परीक्षक असायची. त्या वर्षी तिला बोलावलं नाही, आणि ते ठरवणाऱ्यांत माझा हात पहिला वर गेला होता. अडीच महिने मी तिच्याशी बोललो नाही. दादा मधल्या मध्ये अडकला. ती मात्र रोज शाळेत जायची, शिकवायची आणि घरी येऊन पेपर तपासायची. मंडळातलं कुणी दुकानात दिसलं तर आपण होऊन "कसे आहात?" विचारायची, आणि लोक भाजी निवडण्यात गर्क असल्याचं दाखवायचे.

बोर्डाच्या बैठकीला मी गेलो तो खरं तर ती कशी अडचणीत येते ते बघायला. खोटं कशाला सांगू? हॉल भरलेला होता. एका बाईंनी उठून मोठ्या पडद्यावर एक फोटो लावला. जीवाश्मांच्या कपाटाशेजारी आमचा दशावतार. तो तासभर लागलेला असताना कुणीतरी काढलेला. "आमचा तक्ता चालत नाही, आणि यांचे देव मात्र चालतात," त्या बाई म्हणाल्या. हॉलमध्ये गलका झाला. वहिनी उठली आणि शांतपणे म्हणाली, की हा माझ्या नकळत लागला होता, दिसताच मी काढला. अध्यक्षांनी विचारलं, "कुणी लावला होता?" वहिनी गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा गप्प... तिसऱ्या रांगेत मी बसलेला तिला दिसत होतो. माझं नाव घेतलं असतं, तर तिथल्या तिथे सुटली असती. तिने माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही.

मी उभा राहिलो. "मी लावला," मी म्हणालो. "मी यांचा दीर. यांनी तो तासाभरात काढून माझ्या घरी आणून दिला. आम्ही अडीच महिने एकमेकांशी बोललेलो नाही, आणि मला अजूनही यांचा राग आहे." इंग्रजीत ते आणखीच वेडंवाकडं झालं असणार, कारण सगळा हॉल हसला. पास्टर डेल हसले नाहीत. ते वहिनीकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "स्वतःच्या घरच्यांचा तक्ता ज्या बाईने काढला, तिने माझा नाकारला तर मला तक्रार करता येणार नाही. माझ्या मुलीच्या पेपरावरची ओळ मी तेव्हाच नीट वाचायला हवी होती." त्यांनी मागणी मागे घेतली. वहिनीचा करार चालू राहिला.

पार्किंग लॉटमध्ये ती मला गाठून म्हणाली, "खोटं बोललात, भावोजी. राग कुठे राहिलाय?"

"आहे अजून," मी म्हणालो.

"मग उद्या रागासकट जेवायला या."

पुढे दादा गेला. भारतातून आलेली आमची आई तेव्हा थकली होती आणि तिची नजरही गेली होती. माझं घर दहा मिनिटांवर, देवधर्माचं. तरी आईने हट्टच धरला, "मी शैलजाकडेच राहणार." येताना आईने आपला शाळिग्राम आणला होता. गुळगुळीत, काळा, लिंबाएवढा, आणि एका बाजूला चक्राची नक्षी. त्याला रोज स्नान आणि तुळशीचं पान हवं. आईला आता ते जमेना. एकदा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो, तर वहिनी ताम्हन घेऊन आईजवळ बसलेली. गडूतून शाळिग्रामावर उंचावरून, अगदी सावकाश पाणी सोडत होती. मी म्हटलं, "वहिनी, शाळिग्रामाला बायकांनी हात लावायचा नसतो."

"तुमच्या आईला रोज अंघोळ घालते, तेव्हा नाही आठवत तुम्हाला काय नसतं ते," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यांना दिसत नाही ना. पाण्याचा आवाज आला, की देवाची अंघोळ झाली हे त्यांना कळतं. म्हणून सावकाश घालते." आई मान किंचित तिरकी करून ऐकत होती. चेहऱ्यावर इतकं समाधान होतं, की मीही तिथेच खाली बसलो. हिवाळ्यात इथे तुळस जगत नाही, तर वहिनीने रोपांसाठीचा दिवा आणून स्वयंपाकघरात लावला होता. त्याच्या जांभळ्या उजेडात तुळस तरारलेली होती.

जाण्याआधी आईने तो शाळिग्राम वहिनीच्या हातात दिला आणि त्याची रोजची अंघोळ चुकवणार नाही असा शब्द घेतला, माझ्या देखत. मला ते लागलं. मी देव मानणारा, मंत्र पाठ असणारा, आणि देव दिला कुणाला, तर न मानणाऱ्या सुनेला! बरीच वर्षं ते मनात राहिलं. एकदा मी खवचटपणे म्हणालोही, "तुझ्या लेखी तर हा जीवाश्मच. वर्गात का नेत नाहीस दाखवायला?" ती म्हणाली, "माझ्या लेखी कशाला? जीवाश्मच आहे तो, सुरेख आहे. पण आईंचा देव आहे. कुणाचा देव मी वर्गात नेत नाही." तेव्हा मला तो तक्ता आठवला. आमचा दशावतार तिने का काढला, ते मला खरं तर त्या दिवशी पटलं. कबूल मात्र केलं नाही.

अंत्यविधीला तिचे कितीतरी विद्यार्थी आले होते. हॅना आता डॉक्टर आहे. पास्टर डेल काठी टेकत आले आणि मला म्हणाले, "इतकी वर्षं ओळख, पण ती काय मानत होती, ते तिने मला शेवटपर्यंत सांगितलं नाही." माझ्या वहिनीबद्दल मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. तो मी तिला तोंडावर एकदा तरी सांगायला हवा होता. नाही सांगितला, आणि ही चुटपुट आता जायची नाही.

निघताना केतकीने माझ्या हातात स्टीलचा छोटा डबा ठेवला. "काका, धिस इज फॉर यू. आईने नाव लिहिलंय." आत कापसात शाळिग्राम, आणि चिठ्ठी : 'भावोजी, आई गेल्यापासून एक दिवस चुकलेला नाही. नागपूरला जातानाही पर्समधून नेत होते. आता तुमच्याकडे. मंत्र कमी, पाणी सावकाश.'

म्हणजे अकरा वर्षं, ऐकणारं घरात कुणी उरलेलं नसताना, न मानणारी ती बाई रोज सकाळी शाळेला निघण्यापूर्वी, आणि निवृत्तीनंतर चहापूर्वी, उंचावरून ती धार धरत होती. केवळ एका म्हाताऱ्या बाईला शब्द दिला होता म्हणून. आईने देव योग्य हातात दिला होता.

मंत्र भराभर म्हणायची माझी खोड जुनी आहे. इतक्या पूजा केल्या, की तोंड आपोआप पुढे पळतं आणि पाणी कधी घातलं, ते माझं मलाच कळत नाही. आता शाळिग्राम ताम्हनात ठेवला, की मी मंत्र थांबवतो. गडू उंच धरतो, धार सावकाश सोडतो आणि आईसारखी मान तिरकी करून तो आवाज ऐकतो. तो पूर्ण थांबेपर्यंत पुढचं म्हणत नाही.