पहिल्या कैरीची फोड
कैरी चिरली, की चिकाच्या वासासोबत गडचिरोलीच्या जंगलातल्या आमच्या गावचा चौक आठवतो. पुजाऱ्यानं देवाला नवा आंबा वाहिल्याशिवाय आमच्या गावात कोणी कैरी तोंडात घालत नसे. काकूच्या माहेरी हा नव्या आंब्याचा सण आधीच झाला होता. तिथून आणलेली कैरी तिनं आमच्या अंगणात खाल्ली. "माह्या माहेरची होय जी, तिथं सण झाला!" ती ओरडत राहिली. "देव इथचा हाये," पुजारी म्हणाला, "नवऱ्यानंच हिले शिकवावं." पुजारी पुरे म्हणेपर्यंत काकानं भर चौकात लाकडानं तिचं तोंड फोडलं. सरपंच आणि पोलीस पाटील हात जोडून उभे होते. आठवड्यानं आमचा सण झाला. पुजाऱ्यानं पहिली फोड काकूच्याच हातावर ठेवली, मोठ्या मायेनं. चावायला तिला पुढचे दातच उरले नव्हते. अजूनही मी तिला कैरी किसूनच देते.