तीन आंघोळी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे आत्या म्हणत. काम एकच: हिरव्या, कोवळ्या बीमधून काचेच्या सुईने भ्रूण बाहेर काढायचा. दोन दिवसांचा भ्रूण म्हणजे धुळीच्या कणाएवढा. तो तीन थेंबांत तीनदा धुवायचा, कारण बीचं टरफल हे आईचं अंग. त्याचा कपटाही चिकटून जनुकं वाचणाऱ्या यंत्रात गेला, तर बाळाची म्हणून आईचीच जनुकं बोलू लागतात. बावीस वर्षं आत्या हेच करत होत्या, श्वास धरून.

प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या सरांनी गेल्या अकरा वर्षांत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता. त्यांच्या फोटोत मात्र तो कायम शेजारी असे.

परिषद तोंडावर आली. "आत्या, तीन-तीन आंघोळी कशाला? लग्नाला निघालाय का तो?" एकच थेंब, असा हुकूम सुटला. निकालात जिकडेतिकडे आईचीच जनुकं. सरांना आनंद मावेना. "म्हणजे पोरगं काहीच करत नाही, सगळं आईच बघते! केवढा शोध!"

"सर, ते टरफल बोलतंय."

"तुम्ही सुई सांभाळा. अर्थ मी लावतो."

अर्थ लागला, शोधनिबंध गेला आणि परीक्षकांनी परत पाठवला: नमुन्यात टरफल आहे.

आता सरांना आत्यांची आठवण झाली. त्यांची नोकरी महिनाअखेर संपत होती. मुदतवाढीला सरांची सही हवी होती, आणि घरी नवऱ्याचं काम सुटून वर्ष झालं होतं.

"धुण्यात चूक माझी, एवढं लिहून द्या," सर मऊ आवाजात म्हणाले. "लगेच सही करतो."

आत्यांनी पेन उघडलं. "लिहिते की. पण बरोबर कसं करायचं ते एकदा दाखवा, म्हणजे चूक नीट लिहिता येईल."

विद्यार्थी बघत होते. सर बसले. अर्धा तास त्यांनी बिया चिरडल्या, दोन सुया मोडल्या. शेवटी घाम पुसत म्हणाले, "हा बघा! काय सुबक आहे!"

आत्यांनी डोळा लावला. तो तुकडा उचलून तीन थेंबांत, नेहमीच्याच मायेने, धुतला.

"सर, हे टरफल आहे. कितीही आंघोळ घाला."

कुणी हसलं नाही. एका मुलीला खोकला मात्र फार आला.

सही झाली, कबुलीशिवाय. दोनशे भ्रूण पुन्हा काढायचे होते आणि ते काढू शकणारी हातांची जोडी एकच होती. निबंध छापून आला. त्यात सरांनी लिहिलं होतं: 'नमुने तीन वेळा धुणे अत्यावश्यक असल्याचे आम्हांस आढळले.'