अर्पाच्या माहेरी

नगरहून निघतानाच मी कोल्हापूरहून परतीच्या दोन जागा राखून ठेवल्या होत्या. एक माझी, एक सुवर्णाची. सुवर्णा म्हणजे माझी सून. माझा एकुलता आशिष गेल्यावर ती ‘मम्मी, चार दिवस माहेरी जाऊन येते’ म्हणून हुपरीला गेली, ती वर्ष होत आलं तरी परतली नाही. घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. एका रविवारी पाळकसाहेबांनी रूथची गोष्ट सांगितली, आणि मी मनाशी म्हटलं, ऊठ बाई, आपली रूथ आपणच आणायला हवी.

ही गोष्ट आम्हा ख्रिस्ती बायकांना तोंडपाठ. नवरा आणि दोन्ही मुलगे गमावलेली नामी परक्या मवाब देशातून आपल्या गावी निघते. बरोबर दोन विधवा सुना, दोघी मवाबच्या. अर्पा रडते आणि माहेरी जाते. रूथ मात्र सासूची पाठ सोडत नाही. तुझी माणसं तीच माझी, म्हणते. तिच्याच वंशात पुढे दावीद राजा आणि प्रभू येशू जन्मले. म्हणून आमच्यात रूथ नावाच्या मुली पुष्कळ. अर्पा एकही नाही.

सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर उतरून हुपरीची गाडी धरली. दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. शेजारच्या फेटेवाल्या आजोबांनी विचारलं, “कुठलं पावणं म्हणायचं?”

“नगरची. सुनेला न्यायला आलेय.”

“आरं तिच्या! लोकं हितं पैंजण न्यायला येत्यात, तुम्ही तर लक्ष्मीच घेऊन निघालासा की!”

मीही हसले. तोवर हसू येत होतं.

सुवर्णाच्या घरात पुढच्या खोलीतच चांदीकाम चालतं. ती पाटावर बसून पैंजणाच्या कड्या जोडत होती. मला पाहून उठली, काळ्या बोटांनीच बिलगली. मी ऐटीत डबा पुढे केला. “तुझ्या आवडीचा केक.”

तिच्या अव्वांनी (आईने) डब्याकडे पाहिलं. “अंड्याचा हाय व्हय?”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिंगायतांचं शुद्ध शाकाहारी घर! आमच्याकडे सुवर्णा मिटक्या मारत खायची, म्हणून ती कोणाची लेक हे मी साफ विसरले होते.

“असू दे की, विहीणबाई,” अव्वा म्हणाल्या. “परड्यात (घरामागच्या अंगणात) ठेवा. पोरगी खाईल.”

जेवायला जोंधळ्याची भाकरी, झुणका, दही, शेंगदाण्याची चटणी. सुवर्णा मागे गेल्यावर अव्वांनी आवाज उतरवला. “एक स्थळ आलंय. बायकू वारल्याली, पर माणूस चांगला हाय. पोरीच्याबी मनात हाय. पर ती तुमच्या तोंडाकडं बघत्याय. तुम्ही ‘जा’ म्हटल्याबिगार ती हलायची न्हाय.”

हातातला तुकडा मी ताटात परत ठेवला. अव्वांचा राग आला, त्या न पाहिलेल्या माणसाचा तर फारच. आणि मग गोष्टीतला तो भाग आठवला, जो आम्ही भराभर वाचून टाकतो. नामीने आधी दोघींनाही सांगितलं होतं, आपापल्या आईच्या घरी जा, नवा संसार करा. दोघींना आशीर्वाद दिला, दोघींचे मुके घेतले. अर्पा सासूला टाकून गेली नव्हती. सासूने पाठवलं म्हणून गेली होती. मी तर पाठवायला नव्हे, न्यायला आले होते.

परड्यात सुवर्णा उभ्या उभ्याच केक खात होती. “मम्मी, वेलदोडा कमी पडलाय.”

“सुवर्णा, लग्न कर. आईच्या घरून वाजतगाजत जा.”

तिचा घास थांबला. “आणि तुम्ही?”

“मला काय धाड भरलीय?”

मग दोघी पोटभर रडलो. मी तिचा मुका घेतला. डबा तिने घासला, त्यात भडंग (तिखट चुरमुरे) भरून दिले.

परतीच्या गाडीत कंडक्टरने विचारलं, “मावशी, शेजारचं पावणं यायचं हाय का?”

“नाही. ती तिच्या घरी आहे. बसू द्या कोणालाही.”

खोटं कशाला बोलू, पुण्यापर्यंत डोळ्यांचं पाणी खळलं नाही. नामीला निदान रूथ तरी होती. आता गल्लीतल्या बायका विचारतील, आणली का सून? विचारू देत.

घरी येऊन कुलूप काढलं. घड्याळ चालूच होतं. गुडघे टेकले, आणि जिच्यासाठी आमच्या मंडळीत कोणी प्रार्थना केलेली मी कधी ऐकली नाही, त्या अर्पासाठी केली. देवा, तिला सुखाने नांदू दे.