पातेल्याच्या तळाची खिचडी

काल शेजाऱ्यानं वावरात कपाशीची वाळलेली पऱ्हाटी पेटवली. आई गेल्यापासून तो धूर मला सोसत नाही.

पूर्वी हिवाळ्यात आम्ही मित्र धुळ्याजवळच्या आमच्या शेतात पऱ्हाटीवर खिचडी शिजवायचो. मसाला आईनं कुटून दिलेला असायचा. एकदा रिकामं पातेलं घेऊन घरी आलो, तर तिनं माझा धुरकट सदरा हुंगला.

"मालेबी एकदाव वावरमा संगे लई चाल ना."

"तठे बठ्ठा गडीमाणसंच ऱ्हातस, माय," मी हसलो. "पातेलं घासी ठेव."

तीही हसली. मग तळाची करपलेली खरवड बोटानं काढून तिनं चाखली. म्हणाली, "मीठ बराबर शे, भाऊ."

आमची खिचडी तिच्या वाट्याला तेवढीच आली. मी मात्र ती शाबासकी समजलो.