तीन ठिपक्यांखालचं काम

आमच्या ओळीत नऊ दुकानं, आणि नऊच्या नऊ दुकानांत बोलके पोपट बसलेत. कुणाच्या घरी काय शिजलं, कोण कुणावर रुसलं, सगळं इथे दुपारच्या चहाच्या आत कळतं. पण शेजारच्या गॅरेजात दोन वर्षं रोज काय चाललं होतं ते एकाही शहाण्याला कळलं नाही. मला माहीत होतं. मी लेथवाला, भिंतीला भिंत लागून. आणि ज्या दिवशी बोलायचं, त्याच दिवशी नेमकी माझी दातखीळ बसली.

शेजारचं गॅरेज वस्तादांचं. काम एकच, पुढच्या दोन चाकांना जोडणारा ॲक्सल बदलून देणं. ज्यांना खडक, चिखल, ओढे तुडवत गाडी न्यायची असते, त्यांचा मूळचा ॲक्सल दोन मोसमांत वाकतो. वस्ताद तो काढून ट्रकच्या जातीचा जाडजूड ॲक्सल बसवायचे. कापणं आणि वेल्डिंग कुणालाही जमतं हो. खरी मेख असते ती दोन टोकांना, चाक ज्या सांध्यावर वळतं तिथे. सांध्याच्या वर-खाली बेअरिंग, वरून लोखंडी टोपण, आणि टोपणाखाली शिमा, म्हणजे कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या. एक शिम जास्त झाली की सांधा सैल, मग वेगात चाकं थंडी वाजल्यासारखी थरथरतात. एक कमी झाली की सांधा आवळला, वळवलेलं स्टिअरिंग परत येत नाही. उतारावर दोन्हींचा अर्थ एकच.

वस्ताद हे हातानं ओळखायचे. सांधा धरून दोनदा वळवायचा, डोळे मिटायचे, म्हणायचं, "एक काढ." झालं काम. मग पोलादी पंच आणि हातोडी घेऊन टोपणावर तीन ठिपके मारायचे. ते तीन ठिपके दिसले की गिऱ्हाईक पुढे तोंड उघडत नसे. आणि वस्तादांचं एक पालुपद होतं, ओळीत येताजाता ऐकवायचे, "ज्याच्या हाताला सांधा कळेल, पंच त्याचा आणि गॅरेजही त्याचं."

हे त्यांच्या लेकीनं ऐकलं आणि खरं मानलं. घोटाळा तिथेच झाला.

ती अठ्ठाविसाव्या वर्षी नवऱ्याचं घर सोडून एका बॅगेनिशी परत आली. वस्ताद म्हणाले, "आलीस तर आलीस. बसून राहू नकोस, सामान धुवत जा." धुतलं तिनं. चार वर्षं डिझेलच्या टबात हात घालून बेअरिंगं धुतली, आणि धुता धुता एकेक चाचपून शिकली. धाकटा भाऊ पुढच्या काउंटरवर बसून गाडीत लावायचे सुगंध आणि रंगीत दिवे विकायचा. पोरगा वाईट नाही, गोडबोल्या आहे. पण हाताच्या नावानं आनंदीआनंद! बाराचा पाना मागा, चौदाचा देईल आणि वर हसेल.

एका सकाळी वस्तादांनी नुकत्याच वेल्डिंग केलेल्या ॲक्सलच्या नळीवर पंजा टेकला आणि तसेच बोलत राहिले. करपल्याचा वास आला तो लेकीला. तिनं हात खेचून काढला तर तळव्याला हा एवढा फोड, आणि वस्ताद विचारतायत, "काय झालं?" बोटं बधिर झाली होती, कधीपासून कोण जाणे. त्यांनी पट्टी बांधली आणि तिला दटावलं, "बाहेर बोललीस तर याद राख."

ती बोलली नाही. तिनं भंगारवाल्याकडून स्प्रिंगचा काटा आणला, पोती टांगून वजन करतात तो. दुपारी दोन ते तीन वस्ताद मागच्या खोलीत आडवे व्हायचे. ठिपके मारलेला ॲक्सल घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवलेला असायचा. ही टोपण खोलायची, सांध्याच्या दांड्याला काट्याचा आकडा अडकवायची आणि ओढायची. सांधा हलायला लागतो तेव्हा सुई चार ते सहा किलोंच्या मध्ये हवी. कधी दोनवर असायची, कधी थेट अकरावर. मग माझ्याकडे पळत, "काका, एवढी पातळ कापून द्या, पटकन." मी द्यायचो. तीनच्या आत टोपण जागेवर, बापाचे ठिपके वर, बोल्ट पुसून लख्ख. हिचा डबा मात्र तसाच राहायचा. आम्ही दोघंच असलो की मी तिला काटेताई म्हणायचो. हसायची.

एकदा म्हणालो, "अगं, सांगून टाक ना एकदाचं."

"आणि त्यांना चारचौघांत खाली बघायला लावू? बाबा पंच देतील तेव्हा कळेलच सगळ्यांना," म्हणाली. "त्यांचा शब्द आहे, काका."

शब्द म्हणे! शब्दावर विसंबून राहिलेलं माणूस दिसलं की आजही माझं डोकं फिरतं.

मग डोंगरात अडकलेल्यांना सोडवून आणणाऱ्या पथकाची गाडी आली. पथकाचा प्रमुख मोजकं बोलणारा माणूस. म्हणाला, "वर रस्ता नाही, खाली दरी आहे. गाडीत सहा माणसं असतात. असा ॲक्सल द्या की मला त्याचा विचारच करावा लागू नये." वस्तादांनी ओळीत जाहीर केलं, "हा ॲक्सल माझी पोरं करतील. डावा सांधा धाकट्याचा, उजवा हिचा. मग मी पंच खाली ठेवणार." त्या दिवशी काटेताई टबाशी बसून गुणगुणत होती. मी तिला पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं.

धाकट्यानं डावा सांधा बांधला. दुपारी हिनं काटा लावला तर सुई अकरावर. करायला नको होतं, तसंच ठेवायचं होतं, माझं आजही हेच म्हणणं आहे. पण गाडीत सहा माणसं बसणार होती. हिनं टोपण खोललं, मी शिम कापून दिली, सांधा पाचवर आला.

प्रमुखानं गाडी फिरवून आणली. म्हणाला, "दोन्ही बाजू सारख्या. हात सोडला तरी सरळ जाते." सगळी ओळ जमली होती. वस्तादांनी पंच उचलला आणि धाकट्याच्या हातात ठेवला. "डावा सांधा पाहिलात ना? पोराच्या हाताला कळलं." टाळ्या पडल्या. ही हातात फडकं घेऊन उभी.

"बाबा, डावा अकरावर होता," ती म्हणाली. "मी खोलून केलाय."

हशा पिकला. सीटकव्हरवाला म्हणाला, "भावाचं चांगलं झालेलं बघवत नाही होय, ताई?" ती माझ्याकडे वळली. "काका, शिम तुम्ही कापून दिलीत. सांगा ना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, वस्तादही. या ओळीत मला त्यांनी आणून बसवलं. माझ्या लग्नात बापाच्या जागी तेच उभे होते. मी म्हणालो, "मी दिवसाला पन्नास शिमा कापतो. कुठली कुठे जाते, मला काय माहीत?" डोंबल माहीत नव्हतं! जीभ झडली कशी नाही माझी.

लोक पांगले. आमच्यामधली भिंत पत्र्याची, पलीकडचा श्वासही ऐकू येतो.

"मी झोपतो म्हणजे डोळे मिटतो, कान नाही," वस्ताद म्हणाले. "दोन वर्षं तुझे बोल्ट ऐकतोय."

"मग?"

"मग काय? त्याच्या हातात काही नाही, म्हणून त्याला दुकान लागेल. तुझ्या हातात आहे, तुला दुकान कशाला? तू करतेसच की. करत राहा. नावाचं काय लोणचं घालायचंय?"

"आणि तुमचा शब्द?"

"शब्द गिऱ्हाइकांसाठी असतो गं."

दुसऱ्या दिवशी दोन वाजता तिनं डबा उघडला. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून, माझ्याकडे न बघता, शेवटच्या घासापर्यंत जेवली. डबा धुतला, काटा बॅगेत टाकला आणि गेली. गावाच्या दुसऱ्या टोकाला ट्रक दुरुस्तीची एक शेड आहे, तिथे लागली.

वर्षभर ठिपके पडत राहिले आणि गाड्या थरथरत परत येत राहिल्या. धाकटा म्हणायचा, "रस्तेच खराब आहेत." वस्ताद स्टुलावर बसून दोन्ही हातांनी सांधा धरायचे, डोळे मिटायचे, बराच वेळ तसेच बसायचे. मग अंदाजानं म्हणायचे, "एक काढ." मला ते बघवत नसे.

मग तो प्रमुख परत आला, दुसरी गाडी घेऊन. म्हणाला, "गेल्या वर्षीसारखाच ॲक्सल हवा. ज्याच्या हातचा होता, त्याच्याच हातचा."

"तो मीच केला साहेब," धाकटा म्हणाला. "बिनधास्त ठेवून जा."

मी वस्तादांकडे बघितलं. ते आपल्या बोटांकडे बघत होते. मी लेथ बंद केला आणि बाहेर आलो. सगळी ओळ ऐकत होती. "साहेब, याचा सांधा अकरावर होता. तुमची गाडी धावतेय ती याच्या बहिणीच्या हातावर. शिम मी कापून दिली होती." आणि शेडचा पत्ता सांगितला.

वस्ताद म्हणाले, "तुला मी पोटच्या पोरासारखं मानलं."

"म्हणूनच वर्षभर गप्प बसलो, वस्ताद."

"आजपासून माझ्या दारात पाय ठेवू नकोस." एवढं बोलून ते आत गेले. त्यांच्या घरचा चहा मला त्यानंतर मिळाला नाही.

आठवड्यानं मी शेडवर गेलो. खोटं कशाला बोलू, शाबासकी घ्यायला गेलो होतो. पथकाचा ॲक्सल घोडीवर होता आणि ती काटा अडकवून ओढत होती. केस कापले होते, बारीक झाली होती.

"काटेताई," मी म्हणालो, "सांगितलं मी. सगळ्या ओळीसमोर सांगितलं."

तिनं सुई पाचवर स्थिरावेपर्यंत मान वर केली नाही. मग आकडा सोडवला.

"या वेळी सहा माणसांचा जीव होता म्हणून बोललात, काका," ती म्हणाली. "तेव्हा मी एकटीच होते."

तिनं टोपण बसवलं आणि बोल्ट आवळायला घेतले. मी थोडा वेळ उभा राहिलो. बसा म्हणाली नाही, म्हणून निघालो.